चार दिवस घराबाहेर : मथुरा, वृंदावन आणि हत्तींचे माहेर

मैत्रिणींनो, दिवाळी उरकली, फराळाचे डबे घासूनपुसून फळीवर गेले, की घरोघरी एकच विषय निघतो, ‘यंदा कुठे जायचं?’ यजमानांना थंड हवा पाहिजे असते, मुलांना काहीतरी ‘बघण्यासारखं’ हवे असते, सासूबाईंना देव हवा असतो. आणि आपल्याला? दोन दिवस कुणी आयता चहा हातात दिला तरी आपले भागते! पण खरे सांगू का, सगळ्यांची मने राखून सहल आखायची ती शेवटी आपल्यालाच. म्हणून आज अशी एक सहल सांगते, जिच्यात आजीचा देव आहे, आपला बाजार आहे आणि मुलांसाठी हत्तीही आहेत. मात्र हे हत्ती पाठीवर बसवून फिरवणारे नव्हेत. ते का, हेच आज मुख्यतः सांगायचे आहे.

ठिकाण आहे मथुरा-वृंदावन. मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस मथुरेला जाते. मिरज-साताऱ्याकडच्या मैत्रिणींना गोवा एक्सप्रेस सोयीची. प्रवास एका दिवसाहून थोडा कमी-जास्त. तेव्हा दशम्या, तिळाची चटणी आणि दोन दिवस टिकतील असे मेथीचे ठेपले बरोबर असू द्यावेत. दिवस निवडताना जरा पंचांग बघा. कार्तिक महिन्यात, होळीला आणि जन्माष्टमीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन् तास रखडतात, आणि मे महिन्यातल्या उन्हाचे तर नावच काढायला नको. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेल्यावरचे दोन-तीन आठवडे, नाहीतर होळीच्या आधीचा फेब्रुवारी, हे दिवस उत्तम.

आम्ही गेलो ते असेच फेब्रुवारीत. आम्ही दोघे, दोन मुले, सासूबाई आणि वन्सं. तीन दिवस पुरले.

पहिला दिवस मथुरेचा. सकाळी जन्मस्थानाचे दर्शन घ्यावे. तिथे तपासणी कडक असते. फोन, पिशव्या आत नेऊ देत नाहीत. म्हणून उतरल्या ठिकाणी सगळे ठेवून, कमरेला बटवा लावूनच निघालेले बरे. मग द्वारकाधीशाचे देऊळ. हे देऊळ १८१४ साली बांधले ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे खजिनदार गोकुळदास पारीख यांनी. महादजी शिंदे मोठे कृष्णभक्त, मथुरेत त्यांचे मुक्काम असत आणि ते पदेही रचत. तेव्हा आपण काही अगदी परक्या गावी आलो नाही, असे सासूबाईंना सांगितले, तर त्यांची कळी अशी खुलली म्हणता! संध्याकाळी विश्राम घाटावर यमुनेची आरती असते. कंसाला मारल्यावर कृष्णाने इथे विश्रांती घेतली अशी श्रद्धा आहे. होडीतून आरती बघायची तर भाडे आधी ठरवून घ्या, आणि मुलांना मधे बसवा.

ब्रजातली बहुतेक देवळे दुपारी बंद असतात. त्या वेळात ज्यांना आवड असेल त्यांनी मथुरेचे संग्रहालय पाहावे. तांबूस दगडाच्या सुरेख मूर्ती आहेत, आणि मस्तक नसलेला कनिष्क राजाचा पुतळाही. मुलांनी शाळेच्या पुस्तकात त्याचे चित्र पाहिलेले असते. ती लगेच ओळखतात.

दुसरा दिवस वृंदावनाचा. मथुरेपासून दहा-बारा किलोमीटर. आधी एक सूचना, चष्मा! वृंदावनची माकडे चष्मा पळवण्यात पटाईत. क्षणात नाकावरचा चष्मा जातो आणि माकड समोरच्या सज्जावर बसून तुमच्याकडे बघत राहते. मग कुणीतरी सरबताचा खोका फेकतो तेव्हा कुठे चष्मा खाली पडतो, तोही धड पडेल तर. जिना उतरताना चष्म्यावाचून अडत असेल अशा वडीलधाऱ्यांसाठी घरातला जुना चष्मा बरोबर घ्यावा आणि गल्लीतून जाताना पर्समध्ये ठेवावा.

बांकेबिहारीच्या देवळात दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवा. एक म्हणजे तिथे घंटा वाजवत नाहीत. दुसरी म्हणजे देवासमोरचा पडदा सारखा ओढतात आणि उघडतात. टक लावून बघत राहिले तर बिहारीजी भक्ताबरोबर चालू लागतील अशी तिथली समजूत आहे. पडदा सरकतो तेवढेच दर्शन. हात लावणे नाही, जवळ जाणे नाही. सासूबाई म्हणाल्या, “एवढंसं दिसलं, पण पोटभर दिसलं.” हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

गर्दीचे मात्र भान ठेवा. शनिवार-रविवार आणि एकादशी टाळा, आणि म्हाताऱ्या माणसांना सकाळी देऊळ उघडताच न्या. लोटालोट दिसली तर बाहेरूनच हात जोडून परत फिरण्यात काही कमीपणा नाही. त्यानंतर गोविंददेवाचे लाल दगडाचे देऊळ बघा. राजा मानसिंगाने ते १५९० साली बांधले. आणि रंगजीचे देऊळ, जे उत्तरेत असून गोपुरासकट थेट दक्षिणेकडच्या धर्तीचे आहे.

आता आपला विषय, बाजार! वृंदावनात लोई बाजार आहे. लोई म्हणजे लोकरीची घोंगडी-शाल, त्यावरून ते नाव. तिथे बाळकृष्णाचे पोशाख असे काही मिळतात, की वाटते दहा न्यावेत. पण घरची मूर्ती मोजून गेलात तरच उपयोग. तिथे मूर्तीच्या आकाराला नंबर असतात, शून्य, एक, दोन असे. निघण्यापूर्वी मूर्तीची उंची आणि कमरेचा घेर दोऱ्याने मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. तुळशीच्या माळा घेताना मणी अगदी एकसारखे आणि चकचकीत दिसले तर जरा चौकशी करून घ्या. सांझीचे कागद मिळाले तर अवश्य घ्यावेत. कात्रीने कापलेले हे नाजूक छाप ठेवून त्यावर रंग भुरभुरवायचे, की सुंदर रांगोळी उठते. देवळातून ही कला चालत आली आहे. रांगोळीचा हात नसलेल्या आमच्या वन्संनीसुद्धा परत आल्यावर झोकात काढून दाखवली.

पेढे शेवटच्या दिवशी घ्यावेत. मथुरेचा पेढा खवा तांबूस होईपर्यंत भाजून करतात, आपल्या साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या जवळचा. त्यामुळे तो टिकतो चांगला. मात्र ताजा, कोमट पेढा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम सुटतो. पुठ्ठ्याचा खोकाच बरा.

आणि बाजारात कुणी हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी ‘दृष्ट लागत नाही, घ्या बाई’ म्हणून पुढे केली, तर घेऊ नका. असली वस्तू विकणेच कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्तीला सगळ्यांत वरच्या यादीत ठेवले आहे. शिवाय तो केस कुठल्यातरी साखळीत बांधलेल्या जिवाच्या अंगावरून उपटलेला असतो. त्याने आपल्या मुलांची दृष्ट कशी निघणार?

तिसऱ्या दिवशी आम्ही हत्ती बघायला गेलो. मथुरा आणि आग्रा यांच्यामध्ये, महामार्गापासून आत चुरमुरा गावाजवळ, वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे हत्तींचे केंद्र आहे. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी ही संस्था १९९५ साली काढली. हत्तींचे हे केंद्र २०१० पासूनचे. २०१८ साली तिथे हत्तींचे रुग्णालय सुरू झाले, भारतातले अशा तऱ्हेचे पहिले. क्ष-किरण यंत्र आहे, दुखऱ्या सांध्यांना शेक मिळावा तसा आराम देणारा पाण्याचा हौद आहे. सर्कशीतून, लग्नाच्या वरातींतून, रस्त्यावर भीक मागण्यातून सोडवलेले हत्ती तिथे राहतात. आयत्या वेळी जाऊन आत सोडत नाहीत; आधी नाव नोंदवावे लागते. म्हणून गाडीची तिकिटे काढण्यापूर्वीच चौकशी करून दिवस पक्का करा.

जाताना गाडीत सासूबाईंनी दहा दहाच्या नोटा काढून ठेवल्या होत्या. सोंडेत नोट द्यायची, हत्ती ती माहुताला देतो आणि मग सोंड डोक्यावर ठेवून आशीर्वाद देतो. लहानपणापासून त्यांनी हेच पाहिलेले. आपणही पाहिलेले आहे. मुलांना खांद्यावर घेऊन आपणही सोंडेखाली उभ्या राहिलो आहोत. हत्ती म्हणजे गणपतीचे रूप, त्याला दिले तर ते पुण्यच, असे कुणाला वाटले तर त्यात नवल काय?

पण मैत्रिणींनो, ती सोंड डोक्यावर यावी म्हणून त्याआधी काय होते, ते ऐकावे. पिल्लू लहान असताना त्याला आईपासून तोडतात. अरुंद जागेत चारी पाय बांधून, उपाशी ठेवून, मारून, ते माणसाचे ऐकू लागेपर्यंत कोंडतात. अंकुशाची भीती एकदा बसली की जन्मभर पुरते. हत्तीण आपल्या पिल्लाला जवळजवळ बावीस महिने पोटात वाढवते. कळपात सगळ्यांत वडीलधारी मादी पुढारीण असते, आणि मावश्या-आत्यांनी मिळून पिल्लू सांभाळायचे अशी त्यांची रीत. म्हणजे आपल्या जुन्या एकत्र घरासारखेच की! त्या घरातून लेकरू ओढून काढायचे, आणि मग त्याने आपल्याला आशीर्वाद द्यायचा.

पायांचे तर विचारूच नका. हत्तीचा तळवा मऊ गादीसारखा असतो, जंगलातल्या मातीसाठी घडलेला. तो तापल्या डांबरावर, काचांवर, स्वतःच्याच लघवीने ओल्या फरशीवर तासन् तास उभा राहिला की चिरतो, पिकतो. बांधून ठेवलेल्या हत्तींना पायाच्या दुखण्यानेच सर्वांत जास्त पिडलेले असते. पाठही दिसते तशी सपाट नसते. मणक्यांची टोके वर आलेली असतात, त्यावर हौदा आणि चार माणसे. जनावर मोठे म्हणून ओझे सोसते, हे आपले अनुमान. मोठ्या सुनेला सगळे जमते म्हणतात, तसेच ते!

केंद्रात हत्तीवर बसता येत नाही, चित्रे काढणारे किंवा चेंडू खेळणारे हत्ती नाहीत. सांगतील तेवढ्या अंतरावर उभे राहायचे आणि बघायचे. आमच्या धाकट्याचे तोंड पहिल्यांदा एवढेसे झाले. पण एक हत्तीण धुळीत पाय आपटून, सोंडेने ती माती मोकळ्या पाठीवर उडवू लागली आणि तो खुदकन हसला. ‘आई, तिला कुणी रागवत नाही?’ तिला कुणी रागवत नव्हते. मातीने अंग माखले की ऊन आणि माश्या लागत नाहीत, हे तिला तिच्या आईने शिकवले असेल, किंवा शिकवायचे राहून गेले असेल आणि इथे दुसरीला बघून ती शिकली असेल. कोण जाणे.

तिथल्या हत्तींच्या गोष्टी ऐकल्या. पन्नास वर्षे साखळदंडात काढलेला राजू, त्याला २०१४ साली सोडवले. आणि सूरज. सूरज आपल्या साताऱ्याकडचा! एका देवळात बांधलेला, एक कान नसलेला. २०१५ साली त्याला इथे आणले. सातारा म्हटल्यावर सासूबाई गप्प झाल्या. त्यांचे माहेर तिकडचे.

जरा वेळाने त्यांनी एका रखवालदाराला विचारले, “बाबा, ह्यांना आवडतं काय?” त्याने ऊस, कलिंगड, केळी अशी नावे सांगितली. सांगताना हेही सांगितले, की म्हातारपणी हत्तीच्या दाढा झिजतात. आयुष्यात सहा वेळा दाढा येतात, सहाव्या झिजल्या की संपले. मग मऊच द्यावे लागते. “माझ्यासारखंच,” सासूबाई म्हणाल्या. दहा दहाच्या सगळ्या नोटा त्यांनी चाऱ्यासाठी देणगी म्हणून दिल्या. निघताना उन्हात उभ्या असलेल्या त्या मोठ्या जिवाला त्यांनी लांबूनच हात जोडले आणि मला म्हणाल्या, “दुरून केला तरी पोचतो ना गं?” मी म्हटले, “काल बिहारीजींना पोचला, तसाच.”

हा प्रश्न साधा नाही, हे मला ठाऊक आहे. २०१४ साली जोतिबाच्या डोंगरावरचा सुंदर हत्ती न्यायालयाच्या निर्णयानंतर बंगळुरूजवळ बन्नेरघट्टा इथे गेला. २०२५ च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला नेली, तेव्हा गावच्या गाव रडले. तीस वर्षांहून जास्त काळ ती मठात होती. त्या बायकांच्या डोळ्यांतले पाणी खोटे होते असे मी कधीही म्हणणार नाही. लेक सासरी पाठवताना येते तसलेच ते पाणी. पण प्रेम आपल्याकडे असते, आणि दुखणारे पाय तिच्याकडे. तिला काय हवे, हे आपल्या प्रेमाला विचारून कळत नाही. तिच्या पायांकडे, तिच्या एकटेपणाकडे बघूनच कळते. २०१३ च्या जूनमध्ये मुंबईत मुलुंडला बिजली नावाची हत्तीण रस्त्यात कोसळली. वर्षानुवर्षे वरातींत आणि रस्त्यांवर फिरवलेली. तो महिना संपता संपता ती गेली. तिच्या सोंडेत पैसे घालणाऱ्यांनीही ते भक्तीनेच घातले असणार.

पुराणातसुद्धा बघा. गजेंद्राचा पाय मगरीने धरला तेव्हा देव धावत आला तो सोडवायला. आणि याच मथुरेत कंसाने दारात उभा केलेला कुवलयापीड हत्ती माहुताने डिवचून अंगावर घातलेला होता.

आता पुढच्या सहलीत, मग ती केरळची असो, राजस्थानची असो की परदेशातली, ‘हत्तींचे अभयारण्य’ अशी पाटी दिसली तर आत शिरण्यापूर्वी एवढे विचारा.

हत्तीवर बसवतात का? हत्तीला आंघोळ घालायला, मिठी मारून फोटो काढायला प्रवाशांना सोडतात का? हत्ती खेळ करतो, नमस्कार करतो, चित्र काढतो का? माहुताच्या हातात अंकुश आहे का? यातल्या कशालाही ‘हो’ असेल तर पाटी कितीही गोड असू दे, पैसे परत पर्समध्ये ठेवा. मग हेही विचारा, की हत्ती आले कुठून, डॉक्टर आहे का, त्यांना दुसऱ्या हत्तींची सोबत मिळते का, रोज मोकळे चालता येते का. चांगल्या ठिकाणी माणसे या प्रश्नांनी खूश होतात. वाईट ठिकाणी घाई करतात.

आपल्या गावात रस्त्यावर हत्ती दिसला तर माहुताशी भांडू नका. तोही बहुधा पोटासाठीच फिरत असतो. पैसे देऊ नका, कारण आपल्या नोटेवरच ती फेरी उद्या पुन्हा निघते. महाराष्ट्रात वनखात्याला १९२६ या क्रमांकावर फोन करून जागा आणि वेळ कळवा. आणि वरात, मिरवणूक, उद्घाटन यांसाठी हत्ती मागवायचा विषय घरात निघाला, तर तिथे मात्र गप्प बसू नका. लग्नाची यादी आपल्याच हाताने होते; त्यातून एक ओळ खोडायला आपल्याला कुणाची परवानगी लागते?

जाता जाता एक गोड गोष्ट. २०१७ च्या जानेवारीत मथुरेकडे कडाक्याची थंडी पडली होती. तेव्हा त्या केंद्रातल्या हत्तींसाठी आसपासच्या गावच्या बायकांनी रंगीबेरंगी लोकरीचे भलेमोठे अंगरखे विणले. हत्तीच्या मापाचे! आपण बाळाचा स्वेटर विणताना काखेत टाके कमी करायचे विसरतो, आणि तिथे चार खांबांएवढे पाय झाकायचे. मुलांना ते फोटो जरूर दाखवा.

तुमच्या घरातून कुणी या बाजूला जाऊन आले, किंवा आजीला ‘सोंडेत पैसे नको’ हे तुम्ही कसे समजावले, ते मला पत्राने नक्की कळवा. आणि पुढच्या आठवड्यात प्रवासातल्या पिशवीविषयी बोलू या. विशेषतः ओले टॉवेल आणि पेढ्यांचा खोका एकमेकांपासून लांब कसे ठेवायचे, त्याविषयी!